कोळसून कुत्रा का नाही? दाढांची साक्ष

ओझरला बोलायचे म्हणजे समोर विमान कारखान्यातली माणसे असणार, मोजमापाला पक्की. तेव्हा आज मोजण्यापासूनच सुरुवात करू.

घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याचे तोंड उघडून बघा. ओळखीचा असेल तरच, बरं का! पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. वरच्या आणि खालच्या जबड्यात पुढे सहा-सहा पटाशीचे दात, दोन-दोन सुळे, मग आठ-आठ उपदाढा. फरक पडतो तो मागे: वर दाढा चार, खाली सहा. लांडगा, कोल्हा, खोकड, सगळ्यांचा हिशेब हाच. चपट्या तोंडाच्या पगमध्ये दातांची दाटी होते, ते तिरपे बसतात. पण मूळ आराखडा ४२चाच.

आता रानकुत्रा घ्या. त्याच्या खालच्या जबड्यातली शेवटची दाढ दोन्ही बाजूंना नसते. एकूण दात ४०.

इथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर उदाहरण लिहीत होतो: ‘सर्व रानकुत्रे कुत्रे आहेत.’ एकदा मेळघाटकडचा एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, “सर, आमच्याकडे त्याला कुणी कुत्रा म्हणत नाही.” वर्ग हसला, आम्हीही हसलो. हसायला नको होते.

कारण हा वाद जुना आहे, आणि त्याचा उगम आपल्याच दख्खनमध्ये आहे. कर्नल विल्यम साइक्स हे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत. १८३१ साली त्यांनी इथल्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. तिच्यात आपला लांडगा आहे आणि रानकुत्राही. रानकुत्र्याला त्यांनी लॅटिन नाव दिले ‘कॅनिस दखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा कुत्रा. शेजारी मराठी नाव नोंदवले: कोळसून. आता बघा, लॅटिन नावातच कुत्रा आहे!

दोन वर्षांनी नेपाळात ब्रायन हॉजसन यांनी तिथल्या रानकुत्र्याला ‘आदिम कुत्रा’ अशा अर्थाचे नाव दिले. पाळीव कुत्र्यांचे मूळ हेच, अशी त्यांची धारणा. पण दाढेचा हिशेब जुळत नव्हता. उत्क्रांतीत गेलेला दात सहसा परत येत नाही. मग ४० दातवाल्यापासून ४२ दातवाला कसा यावा? १८३८ मध्ये हॉजसन यांनीच या प्राण्याला ‘क्युऑन’ हे वेगळे प्रजातिनाम दिले. ते आजही चालते. आपल्या कुत्र्याचे मूळ लांडग्याच्या वंशात आहे, हे पुढे जनुकांनीही सांगितले.

नुसत्या संख्येवर जाऊ नका, दाढेचे कामही पाहा. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही मांस कापणारी कात्री. कुत्र्याच्या या खालच्या दाढेचा मागचा भाग खोलगट, दोन उंचवट्यांचा. तिथे भाकरीसुद्धा चिरडली जाते. कोळसुनाच्या दाढेला तिथे एकच धारदार उंचवटा. म्हणजे चिरडणे कमी, कापणे जास्त. कुत्रा आपल्या उष्ट्यावर जगू शकला, त्यात या दाढेचाही वाटा आहे. कोळसुनाचा जबडा शिकारीसाठीच घडलेला.

मंडळी, नावाने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. इंग्रजी अमलात रानकुत्रा उपद्रवी ठरवला गेला, त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. ‘कुत्राच तो’ म्हटले की दया आटते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. तरी आज तो जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत आहे. गावकुत्र्यांकडून त्याला रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग लागू शकतात. म्हणून जंगलालगतच्या गावात कुत्र्यांना लस टोचणे हे कोळसुनाचेही रक्षण आहे.

शब्दावरून वस्तू ओळखायची की वस्तू पाहून शब्द तपासायचा, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. आम्ही तो पुस्तकांत शोधत राहिलो. उत्तर एका जबड्यात होते, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला ठाऊक होते.

इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.