अपूर्णतेचा पुरावा : अमेरिकन श्रमिक-साहित्यातील एक दुवा

अमेरिकन कथात्म साहित्यातील कामगारजीवनाचा विचार अनेकदा अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीपासून सुरू होतो. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांची दैना सांगणाऱ्या या कादंबरीने खळबळ उडवली आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. वाचकांना धक्का बसला तो मुख्यतः मांसाच्या अशुद्धतेचा. मजुराची स्थिती मागे पडली. श्रमिकाविषयी लिहिले जाणे आणि त्याचे श्रम वाचकाच्या जाणिवेत उतरणे, या दोन भिन्न घटना आहेत.

हे अंतर त्याआधीच एका दीर्घकथेचा आशयविषय झाले होते. रिबेका हार्डिंग डेव्हिस यांची ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ १८६१ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त निनावी छापली गेली. ह्यू वुल्फ हा भट्टीवर राबणारा वेल्श मजूर लोखंड गाळून उरलेल्या टाकाऊ द्रव्यातून एका भुकेल्या स्त्रीची मूर्ती घडवतो. कारखाना पाहण्यास आलेले प्रतिष्ठित पाहुणे मूर्तीच्या अर्थाची चर्चा करतात. मूर्तिकाराची जबाबदारी कोणीच घेत नाही. पुढे चोरीसाठी शिक्षा झालेला वुल्फ तुरुंगात जीव देतो. मूर्ती निवेदकाच्या घरी पडद्याआड राहते. निवेदन मात्र खिडकीतून वस्ती न्याहाळणाऱ्याचे आहे, ही या कथेची वर्गीय मर्यादा होय.

कालांतराने कथाही विस्मृतीच्या पडद्याआड गेली. ओमाहातील जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेल्या अंकांत ती टिली ओल्सन यांना किशोरवयात सापडली. श्रमिक कुटुंबात वाढलेल्या ओल्सन यांनीच प्रदीर्घ विवेचन जोडून १९७२ मध्ये फेमिनिस्ट प्रेसतर्फे तिचे पुनर्प्रकाशन घडवले. खाण, शेती आणि कत्तलखाना अशी फरफट होणाऱ्या कुटुंबाची त्यांची स्वतःची कादंबरी ‘योनॉनडिओ’ १९३२ मध्ये सुरू झाली होती. १९३४ मध्ये तिचा आरंभीचा भाग ‘पार्टिझन रिव्ह्यू’त आला. मुलांचे संगोपन आणि पोटापाण्याची नोकरी यांत ती मागे पडली. १९७४ मध्ये जुने खर्डे जुळवून, नवे काही न लिहिता, ती अपूर्णच प्रसिद्ध झाली.

रूपवादी समीक्षेला ही अपूर्णता कलादोष वाटेल. वस्तुतः लेखनाचा अवकाश हिरावणारी परिस्थिती येथे संहितेच्या रूपातच उमटली आहे. केवळ पूर्ण झालेल्या कृतींची परंपरा मांडणारा वाङ्मयेतिहास ज्यांना फुरसत लाभली त्यांचाच इतिहास ठरतो. श्रमिक-साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच खंडित संहिता, निनावी लेखन आणि दीर्घ मौन यांनाही इतिहासाची साधने मानले पाहिजे.