खांबाचा पाय बघा : एका फॉरवर्डची आणि दोनशे चाळीस वर्षांची गोष्ट

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसलात तर बरं.

परवा रात्री साडेदहाला आतेभावाचा फोन आला. दादा एसटीतून रिटायर झालाय, हातात फंडाचे पैसे आलेत. म्हणाला, "तुला एक फोटो पाठवलाय बघ. आपल्या कर्नाळ्याच्या पायथ्याशी प्लॉट पडतायत. रविवारी टोकन द्यायचंय. तू मास्तर माणूस, एकदा नजर टाक."

फोटो उघडला. मागे कर्नाळ्याचा अंगठा, वर विमान, बाजूला 'नैना' हा शब्द ठळक अक्षरांत. मधोमध पाच रंगीत खांब, वर्षागणिक वाढत जाणारे. पहिला खांब बोटभर, शेवटचा वीतभर. त्यावरून तिरका लाल बाण, थेट विमानाच्या पोटात घुसलेला.

बघणाऱ्याला वाटणार, भाव पाच-सहा पट झाला. चष्मा लावून खांबांवरचे बारीक आकडे वाचले. शेवटचा आकडा पहिल्याच्या सव्वापटसुद्धा नव्हता! आकडा एक सांगत होता, खांब भलतंच. आणि खाली हे आकडे कुठून घेतले याचा पत्ताच नाही.

दादाला फोनवर समजेना. "अरे पण चित्रात स्पष्ट दिसतंय ना!" म्हणाला. मग सकाळी त्याच्या घरी गेलो, कॅलेंडरचं जुनं पान पाठकोरं घेतलं आणि पट्टी मागितली.

आपल्या पनवेलचेच आकडे घेतले, जनगणनेतले. पनवेल शहराची लोकसंख्या २००१ साली साधारण १ लाख ४ हजार, २०११ साली १ लाख ८० हजार. दहा वर्षांत पावणेदोन पटीच्या जरा खाली. हजार माणसांना एक मिलिमीटर असं माप धरलं. पहिला खांब १०४ मिलिमीटर, दुसरा १८०. शेजारी शेजारी काढले. वाढ दिसते, चांगलीच दिसते, आणि जेवढी आहे तेवढीच दिसते.

आता तेच आकडे, तेच माप, फक्त खांबाचा पाय शून्याऐवजी एक लाखावर ठेवला. पहिला खांब ४ मिलिमीटर, दुसरा ८०. वीसपट! एकही आकडा खोटा नाही. फक्त खालचे एक लाख लोक कागदाच्या बाहेर ढकलले.

दादा बराच वेळ त्या दोन चित्रांकडे बघत राहिला. "म्हणजे पाय कापला की उंची वाढते," म्हणाला. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

घरी आलो आणि जुनी पुस्तकं काढली, कारण या खांबांचा जनक कोण आणि तो काय करायचा हे मला अंधुक आठवत होतं. वाचलं आणि हसूच आलं.

विल्यम प्लेफेअर नावाचा स्कॉटिश माणूस. १७८६ साली त्याने लंडनमध्ये एक ॲटलास छापला. नाव ॲटलास, पण आत नकाशे नव्हते, आलेख होते. इंग्लंडची आयात-निर्यात रेषांनी काढलेली. त्यात ईस्ट इंडीजशी, म्हणजे आपल्या बाजूशी चालणाऱ्या व्यापाराचाही आलेख आहे. स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, रेघ काढता येईना, म्हणून त्याने आडवे पट्टे काढले. तोच आजच्या स्तंभालेखाचा पूर्वज. पुढे १८०१ साली गोल चकतीचे तुकडे करून दाखवणारा वर्तुळालेखही त्यानेच आणला. त्याचं म्हणणं साधं होतं. आकड्यांची रांग वाचून माणूस विसरतो, चित्र डोळ्यात राहतं.

पण हा प्लेफेअर १७८९-९०च्या सुमारास पॅरिसमध्ये काय करत होता? जमिनी विकत होता! अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या. सायोटो नावाच्या कंपनीतर्फे फ्रेंच लोकांना सुपीक जमीन, छान हवा असं सांगून कागद दिले जात होते. शेकडो माणसं घरदार विकून समुद्र ओलांडून गेली. पोचल्यावर कळलं की हातातल्या कागदाला किंमत नाही, कारण जमीन कंपनीच्या मालकीची झालेलीच नव्हती. त्या लोकांनी वसवलेलं गॅलिपोलिस हे गाव आजही तिथे आहे. यात प्लेफेअरचा दोष किती आणि इतरांचा किती यावर इतिहासकार वाद घालतात. पण खांबाचं चित्र शोधणारा माणूस प्लॉटच्या धंद्यात होता, हे मात्र खरं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे परंपरा जुनी आहे!"

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती आपल्याकडची आहे.

दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी सरकारचेच छापील अहवाल घेतले, पिकांचे आणि भावांचे आकडे जुळवले आणि १८७०च्या दशकात मांडलं की हिंदी माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न २० रुपये आहे. नुसतं एवढं सांगून लोकांना काय कळणार? म्हणून त्यांनी शेजारी दुसरा आकडा ठेवला : सरकारी तुरुंगात कैद्याच्या अन्नवस्त्राला लागणारा वर्षाचा खर्च. तो २० रुपयांहून जास्त भरत होता. मोकळ्या माणसापेक्षा कैद्याचा घास मोठा! त्यांनी चित्र काढलं नव्हतं, पण दोन खांब शेजारी उभे केल्यासारखंच झालं ते. आकडे सरकारचे होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

पुण्यात सार्वजनिक सभेची मंडळी हेच करत होती. न्यायमूर्ती रानडे होते, आणि गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शिक्षक होते. शाळा सांभाळून जोशी सारा, शेती, रेल्वे, लष्कर यांचे सरकारी तक्ते पिंजून काढायचे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांची तयारी रानडे आणि जोशी यांच्याकडून झालेली होती.

याच गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला कायदेमंडळात पहिलं अंदाजपत्रकी भाषण केलं. त्या काळी दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत होते, आणि सरकार वर्षामागून वर्ष शिल्लक दाखवत होतं. शिल्लक आहे म्हणजे देश सुखात आहे, असा सूर. आजच्या भाषेत सांगायचं तर वर जाणारा हिरवा बाण. गोखल्यांनी त्या बाणाचा पाय उघडा केला. रुपयाचा दर १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर नेलेला होता. विलायतेला पाठवायच्या पौंडांना त्यामुळे कमी रुपये लागत होते, आणि वसुलीचे रुपये मात्र तेवढेच. उरलेली रक्कम म्हणजे शिल्लक! रयतेच्या घरात काहीच वाढलेलं नव्हतं. आकडा खरा होता, अर्थ खोटा होता.

आणि आपलं शिरढोण? कर्नाळ्याच्या कुशीतलं. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथला, ४ नोव्हेंबर १८४५चा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यात नोकरीला होता कुठे, तर लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. दिवसभर सरकारी रकमांची बेरीज, आणि देशाची संपत्ती कशी बाहेर जाते हे सांगणारी रानड्यांची व्याख्यानं. मग १८७६-७७चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढचं बंड, १८७९ची अटक, एडनचा तुरुंग आणि १७ फेब्रुवारी १८८३चा मृत्यू हे आपण शाळेत शिकलो. पण तो माणूस आकड्यांच्या टेबलावरून उठून गेला होता, हे कुणी फारसं सांगत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं.

आता त्या लाल बाणाबद्दल. बाण म्हणजे काय? मागचं बघून पुढचं सांगणं. यात आपल्या पनवेलचाच एक धडा आहे.

१८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचा माल होडीने पनवेल बंदरात यायचा आणि बैलगाडीने घाट चढायचा. पनवेलची गाडीची चाकं नावाजलेली होती. पेठ भरभराटीला आली. १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली, ती देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. त्या वर्षी कुणी पनवेलच्या व्यापाराचा आलेख काढला असता तर त्याने बाण सरळ आभाळात नेला असता.

आणि मग रेल्वे आली. १८५६ला खोपोलीपर्यंत, १८५८ला वरती खंडाळा ते पुणे, आणि १८६३ला मधला बोरघाट जोडला गेला. रेल्वे गेली कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला राहिलं. घाटावरचा माल बंदराकडे यायचा थांबला तो थांबला. पनवेलला आगगाडी बघायला १९६४ साल उजाडावं लागलं. शंभर वर्षं! बाण काढणाऱ्याला रुळांचा नकाशा कुठे माहीत होता?

विमानतळ ऑक्टोबर २०२५मध्ये झालाय, त्याचा फायदा होणार नाही असं मी म्हणत नाही. होईलही. पण कुणाला, कुठल्या गावात, कधी, हे बाण सांगत नाही. आणि २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे 'पनवेलची आजची लोकसंख्या' म्हणून जे चित्र फिरतं तो अंदाज असतो, मोजणी नव्हे.

मग चित्रं वाईट का? मुळीच नाही. मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं चित्र आपल्या वाडीतल्या अंगणवाडीत आहे. बाळाच्या वजनाचा तक्ता. आडवं वय, उभं वजन, आणि हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. अक्षरओळख नसलेली कातकरी आईसुद्धा तो तक्ता वाचते. सेविका दर महिन्याला ठिपका मारते, ठिपके जोडते. रेघ वर गेली तर ठीक. आडवी झाली तर बाळ हिरव्या पट्ट्यात असलं तरी सेविकेच्या कपाळाला आठी पडते. आजार दिसायच्या आधी रेघ सांगते. त्या चित्राला काही विकायचं नसतं, म्हणून ते सरळ असतं.

हवामान खात्याचे रंगही तसेच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार, हे आकडे पाठ नसले तरी चालतं. इर्शाळवाडी आपल्यापासून लांब नाही. १९ जुलै २०२३ची रात्र आपण विसरलेलो नाही. रंग वाचता येणं हा आपल्याकडे जीवनमरणाचा विषय आहे.

तर यापुढे कुठलंही रंगीत चित्र आलं, मग ते प्लॉटचं असो, भिशी-गुंतवणुकीचं असो की निवडणुकीच्या आधी येणारं विकासाचं, मी दादाला चार प्रश्न लिहून दिलेत. तुम्हीही घ्या.

१. खांबाचा पाय शून्यावर आहे का?
२. आकडे कुणी मोजले, कधी मोजले, ते खाली लिहिलंय का?
३. शेजारी दुसरा कुठला आकडा ठेवायला हवा होता, जो ठेवलेला नाही? (दादाभाईंची युक्ती.)
४. बाणाचा कुठला भाग घडून गेलेला आणि कुठला भाग मनातला?

जमिनीसाठी आणखी दोन गोष्टी. सातबारा आणि फेरफार स्वतः काढा, झोन दाखला बघा. अभयारण्य जवळ आहे, नियम वेगळे लागू शकतात. आणि प्लॉटिंग पाचशे चौरस मीटरच्या वरचं असेल तर महारेराची नोंदणी लागते, जाहिरातीवर नंबर छापावा लागतो. दादाच्या फोटोवर विमान होतं, अंगठा होता, बाण होता. नंबर नव्हता.

दादाने रविवारी टोकन दिलं नाही. एजंटने फोन करून म्हटलं, "काका, संधी जाईल." दादा म्हणाला, "जाऊ दे, पण आधी तुमचा खांब पायापासून काढून पाठवा." पाठवलेला नाही अजून.

शेवटी एक मागणं, आणि हे मनापासून. ग्रामसभेत अंदाजपत्रक धडाधड वाचून दाखवतात, आपण माना डोलावतो. पाणी, रस्ते, शाळा, दिवाबत्ती यांवर गेल्या वर्षी ठरलेले किती आणि खर्चलेले किती, असे दोन-दोन खांब पंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने काढायला लावूया का? शून्यापासून. आमच्या गावात मी पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडतोय. पट्टी आणि खडू माझ्याकडे आहेत. तुमच्या गावात कोण उभं राहतंय ते सांगा.