पावसाचं माप

रेणापुरात मे महिना सरत आला की चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘काय म्हणतंय यंदा?’ पुढं ‘पाऊस’ हा शब्द लावायची गरज पडत नाही. रेणा नदीचं पात्र कोरडं असतं, सगळ्यांच्या नजरा पश्चिमेला असतात, आणि एखादा म्हातारा बोटं मोजून मिरगाला किती दिवस उरले ते सांगतो.

आपल्याकडं पाऊस मोजण्याचं आणि ओळखण्याचं काम किती जुनं आहे, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त धान्याच्या कोठाराजवळ एक कुंड ठेवायला सांगितलं आहे. त्याचं तोंड एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद असावं आणि त्यात पावसाचं माप घ्यावं, अशी व्यवस्था आहे. जागा बघा कुठली निवडली! मंदिर नाही, राजवाडा नाही, धान्याचं कोठार. पाऊस किती झाला यावर पेरणी, आणि पेरणीवर राज्याचा महसूल, हा हिशेब त्या माणसाला पक्का ठाऊक होता. त्याच ग्रंथात प्रदेशवार पावसाचे आकडेही दिलेले आहेत. कोरड्या मुलखात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस, अश्मकात साडेतेरा, आणि अपरान्तात, म्हणजे कोकणात, अमाप. हे अश्मक म्हणजे गोदावरीच्या काठचा आपलाच मुलूख. त्याची राजधानी नांदेडच्या शेजारी, आजच्या बोधनला होती, असं अनेक अभ्यासक मानतात. याचा अर्थ असा की, कोकणात पाऊस मोजता येत नाही इतका आणि आमच्याकडं बेताचा, ही तक्रार नवी नाही. सह्याद्रीनं ढगातलं पाणी आधीच उतरवून घ्यायचं आणि उरलेलं आम्हाला धाडायचं, हा निसर्गाचा कारभार तेव्हाही असाच होता. आज महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि लातूर जिल्ह्याची सरासरी आठशेच्या आसपास आहे.

पुढं सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त पाऊस मोजायची रीत सांगितली. दूर कोरियात राजा सेजोंगच्या काळात, १४४१ च्या सुमारास, गावोगावी एकाच मापाची पर्जन्यपात्रं बसवली गेली. तिथंही कारण शेतीचं आणि साऱ्याचंच होतं.

आता एक गोष्ट माझ्या आवडीची. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळं ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. पण शेतसारा असा फिरत्या महिन्यावर कसा गोळा करणार? पीक तर सूर्याच्या हिशेबानं येतं. म्हणून दख्खनेत शुहूर सन चालू झाला. महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ मध्ये तो सुरू झाला असं मानतात. आकडे अरबी : समान म्हणजे आठ, तिसा म्हणजे नऊ. पण वर्षाची सुरुवात सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेला. म्हणून मराठीत त्याला ‘मृगसाल’ असं गोड नाव पडलं. शिवकालातल्या आणि पेशवाईतल्या कागदांवर हा सन आहे. अरबी आकडे, संस्कृत नक्षत्र आणि मराठी कुणबी अशा तिघांनी मिळून धरलेलं ते पंचांग होतं. ‘हवामान’ हा शब्दही तसाच : ‘हवा’ अरबीतून आलेली, ‘मान’ संस्कृतातलं. इंग्रजांचा ‘मान्सून’ आणि आपला ‘मोसम’ हे दोघं तर एकाच अरबी ‘मौसिम’ची लेकरं.

माझे आजोबा मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त ही नावं नमाजाच्या वेळांइतकी चोख सांगत. पाऊस लांबला की गावातली मंडळी ईदगाहवर जमून पावसाची नमाज पढत. त्याच आठवड्यात वेशीत लिंबाचा पाला बांधून धोंडी निघे आणि महादेवाची पिंड पाण्यात बुडवली जाई. आभाळ एकच असल्यानं अर्ज कुठल्या दारानं जातो, याची कुणी चौकशी केली नाही.

पण अर्ज करणं वेगळं आणि अंदाज करणं वेगळं. आधुनिक अंदाजाची कथा दुष्काळातून सुरू होते. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ आलं, नंतर पावसानं दगा दिला, आणि १८७५ मध्ये सरकारनं भारतीय हवामान खातं स्थापन केलं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत हवेच्या नोंदी त्याच्याही आधीपासून होत होत्या. खातं सुरू होतं न होतं तोच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. पाऊस येणार की नाही हे आधी कळलं तर काही तजवीज करता येईल, या विचारानं ब्लॅनफर्ड यांना कामाला लावलं गेलं. हिमालयात बर्फ जास्त पडलं की पुढचा मोसमी पाऊस कमी होतो, असं त्यांना आढळलं. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी देशाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला.

त्यांच्यानंतर आले जॉन इलियट. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आणि नेमका त्याच वर्षी छप्पन्याचा दुष्काळ आला. निजामाच्या राज्यातल्या आपल्या मराठवाड्यालाही त्यानं सोडलं नाही. इलियट यांचा अंदाज चाळीस-चाळीस पानांचा असला तरी पाऊस कागदाची जाडी बघून पडत नाही.

मग सरकारनं केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर यांना आणलं. १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षं त्यांनी हे खातं सांभाळलं. जगभरातले हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवून भारतीय कारकुनांच्या हातून त्यांनी अक्षरशः डोंगराएवढी गणितं करून घेतली. त्यातून एक अजब गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही होतं. तराजूची पारडी जशी. त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटलं. १९६९ मध्ये बियर्कनेस या शास्त्रज्ञानं त्याचा संबंध पेरूच्या किनाऱ्यावरच्या ‘एल निनो’शी जोडून दाखवला. तिकडं समुद्र तापला की इकडं आमची सोयाबीन सुकण्याची भीती वाढते. मात्र नेहमीच नाही. १९९७ मध्ये एल निनो फार जोरात होता, तरी देशात पाऊस व्यवस्थित झाला.

खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. म्हणूनच पुण्यात शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण मोसमी अंदाजाचं काम पुण्यात राहिलं. पूर्वी उपकरणं विलायतेहून यायची. ती इथंच बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के करून घेणाऱ्या अण्णा मणी यांनीही पुण्यातच काम केलं. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं.

आपले मराठी शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या पुढाकारानं १९८८ मध्ये सोळा घटकांवर आधारलेलं गणिती प्रारूप आलं. चौदा वर्षं त्याचं नाव झालं. २००२ मध्ये अंदाज आला सर्वसाधारण पावसाचा, आणि पाऊस पडला सरासरीच्या ८१ टक्के. जुलै महिन्यात पावसानं मोठी दडी मारली. लोक हसले. पण खात्यानं ते प्रारूप बाजूला ठेवून नवी बांधली, आणि आता महासंगणकावर समुद्र आणि हवा दोन्ही एकत्र मांडून अंदाज काढतात. इलियट चुकले म्हणून वॉकर आले. इथं चूक कागदावर राहते, लपवली जात नाही, म्हणून मला या शास्त्राबद्दल आदर आहे.

आपणही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पावसाळ्याचा तो मोठा अंदाज अख्ख्या देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा असतो. देशाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के झाला की ‘सर्वसाधारण’. त्यात रेणापूर हा एक ठिपकाही नसतो. देशात सर्वसाधारण आणि आपल्या शिवारात दुबार पेरणी, हे दोन्ही एकाच वर्षी खरं असू शकतं.

म्हणून शेवटी सगळं येऊन थांबतं गावातल्या मापावर. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर चार हजार लिटरहून थोडं जास्त. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. देशभर बातमी झाली. हिशेब केला तर ते सहा एकर रानावर पडलेल्या वीस मिलीमीटरच्या एका सरीइतकं होतं. ती सर किती मोलाची, हे मला त्या रेल्वेनं शिकवलं.

आज महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. मदत त्या आकड्यावर ठरते. एका वर्षी आमच्या बांधावरून पाणी वाहिलं, सोयाबीन आडवी झाली. यंत्र मात्र दुसऱ्या गावाला, आणि तिथं आकडा ६५ च्या आत राहिला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. ते फक्त आमच्या शिवारात नव्हतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं, तेव्हा किती जणांना हाच अनुभव आला असेल! ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याची ‘विंड्स’ ही योजना केंद्रानं २०२३ मध्ये जाहीर केली. ती आपल्या गावात पोचली का, हे ग्रामसभेत विचारायला हवं.

तोवर एक करता येईल. सरळ कडांचा, सपाट बुडाचा एक डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवा, झाडापासून दूर. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून किती मिलीमीटर पाणी साचलं ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. घरातल्या शाळकरी पोराला हे काम द्या. सरकार ती वही पुरावा म्हणून धरील असं मी सांगत नाही. पण दहा वर्षांनी आपल्या शिवाराचा पाऊस आपल्याला ठाऊक असेल, आणि यंत्राचा आकडा वेगळा आला तर बोलायला आपल्याकडं काहीतरी असेल. अश्मकातल्या कोणा माणसानं कोठारापाशी कुंड ठेवून हेच केलं असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)