जठर-प्लीहा-बंध : एका संज्ञेचा इतिहास

जठर व प्लीहा यांना जोडणाऱ्या पर्युदराच्या दुपदरी घडीस शारीरशास्त्रात 'लिगामेंट' म्हणतात. 'बांधणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला खरा. परंतु सांध्यावरील बंधाचा चिवटपणा या घडीत नाही. तिच्या पदरांमधून जठराच्या आखूड रक्तवाहिन्या जातात आणि प्लीहा काढताना शल्यविशारदास त्या बांधाव्या लागतात.

१८९५ साली बाझेल येथे संमत झालेल्या संज्ञावलीत 'गॅस्ट्रोलिएनाले' हे रूप आले. त्यातील जठरवाचक पद ग्रीक, तर प्लीहावाचक 'लिएन' लॅटिन. असा हा संकर शतकभर टिकला. १९९८ च्या संज्ञावलीने ग्रीक 'स्प्लेन' स्वीकारून 'गॅस्ट्रोस्प्लेनिकुम' हे रूप पुढे आणले. गंमत अशी की, 'स्प्लेन', 'लिएन' आणि संस्कृत 'प्लीहन्' हे तिन्ही शब्द सजातीय मानले जातात. मात्र त्यांच्या आद्य व्यंजनांची संगती नेहमीच्या ध्वनिनियमांनी लागत नाही. म्हणजे शुद्धीकरणात बहिणीच्या जागी बहीणच बसली!

मराठीत 'लिगामेंट'साठी रूढ असलेला 'अस्थिबंध' येथे सर्वथा गैरलागू आहे, कारण या जागी अस्थीच नाही. 'जठर-प्लीहा-बंध' त्याहून बरा. तथापि विद्यार्थ्याने वाहिन्या विसरू नयेत, एवढ्यासाठी तरी 'जठर-प्लीहा-घडी' अधिक ग्राह्य वाटते.