सीमेवरचे दोन पाहुणे

उडत्या तबकड्या म्हटलं की आपल्याला हटकून अमेरिका आठवते. तिथल्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात 'प्रोजेक्ट ब्लू बुक' चालवलं. १२,६१८ नोंदी तपासल्या. बहुतेकांच्या मागे तारे, ग्रह, उल्का, फुगे, विमानं असंच काहीबाही निघालं. ७०१ मात्र शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. पण मंडळी, अशी एक चौकशी आपल्याकडेही झाली आहे, आणि तिथे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता.

तर झालं असं, की २०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात पहाऱ्यावरच्या जवानांना आकाशात तेजस्वी गोळे दिसू लागले. फेब्रुवारी २०१३ पर्यंत ३२९ नोंदी झाल्या. बातम्यांनुसार त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आली, असं मानलं गेलं. चीनचे टेहळणी ड्रोन? शंका अगदीच अस्थानी नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये तर देपसांगला चिनी सैनिकांनी तंबू ठोकले आणि दोन्ही सैन्यं तीन आठवडे समोरासमोर उभी होती. अशा ठिकाणी चुकीच्या अंदाजाने एखादी गोळी सुटली तर?

सैन्याने बंगळूरच्या भारतीय खगोल भौतिकी संस्थेला साकडं घातलं. वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची, एवढंच सांगा. मग जवानांच्या नोंदी कामी आल्या. कुठल्या वेळी, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती उंचीवर. ड्रोन त्याच्या मालकाच्या मर्जीने उडतो. ग्रहाला मात्र आकाशाचं वेळापत्रक पाळावं लागतं. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, आणि गुरूही साधारण त्यांच्याच चालीने जातो.

२०१३ च्या जुलैमध्ये उत्तर जाहीर झालं. रात्री दिसणारा गुरू, पहाटेचा शुक्र. त्या डिसेंबरात गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे रात्रभर आकाशात होता. शुक्र जूनमधल्या अधिक्रमणानंतर पहाटे दिसू लागला होता. त्यात तिथली हवा विरळ, त्यामुळे दोघं आणखीच झगझगीत. आणि ड्रोनची धास्ती डोक्यात असली की दिवा ड्रोनचाच वाटणार.

बातमी आली तेव्हा बरेच जण हसले. शुक्राची चांदणी तर आपल्या आज्या रोज पहाटे बघायच्या! पण थंडीत रात्र रात्र जागून वेळ आणि दिशा लिहून ठेवणाऱ्या त्या जवानांना हसावंसं मला वाटत नाही. त्यांनी नोंदी केल्या नसत्या तर शास्त्रज्ञ तरी कशावरून सांगणार होते? आणि 'आम्हाला कळत नाहीये, तुम्ही बघा' असं सैन्याने दुसऱ्याला विचारलं, हे तर मला फारच आवडलं. घरातसुद्धा हे वाक्य किती कमी ऐकू येतं!

असो. पुढच्या वेळी पहाटे जाग आली तर पूर्वेला जरूर बघा. शुक्र दिसलाच, तर त्याला माझा नमस्कार सांगा.