कुलूप शाळेला, गुरुजी वस्तीवर

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या या शाळेने बरेच काही पाहिले. दुष्काळ पाहिले, पटसंख्या घसरताना पाहिली, शेजारी इंग्रजी माध्यमाची पिवळी बस येऊन उभी राहिलेली पाहिली. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्येही वर्ग भरले. पण मुले गावात, गुरुजी नोकरीवर आणि शाळेला मात्र कुलूप, असे कधी झाले नव्हते. मार्च 2020 च्या मध्यावर आधी शहरांतल्या आणि लगोलग गावांतल्या शाळा बंद झाल्या. महिना अखेरपर्यंतचा प्रश्न आहे, असेच तेव्हा सगळ्यांना वाटले. वार्षिक परीक्षा रद्द झाल्या आणि पहिली ते आठवीची मुले न बसलेल्या परीक्षेत पास झाली. गावात त्याचा आनंदही झाला, हे आता मान्य करायला हरकत नाही.

या शाळेने दूरस्थ शिक्षण कसे पेलले, हे सांगताना बहुतेक जण मोबाइलपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात चुकीची वाटते. त्याआधीची पाचेक वर्षे बघावी लागतील.

2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाडा ही आदिवासी पाड्यावरची शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून गाजत होती. बघता बघता लोकसहभागाची लाट आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, गुरुजींनी स्वतःच्या खिशात हात घातला, कुणी माजी विद्यार्थ्याने टीव्ही दिला, कुणी टॅब. 2017 मध्ये दीक्षा हे डिजिटल व्यासपीठ आले आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापून येऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत तो प्रयोग रणजितसिंह डिसले यांनी आधीच केलेला होता. ऐन बंदच्या काळात, 3 डिसेंबर 2020 रोजी, त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटायचे जाहीर केले.

म्हणजे कागदावर पाहिले तर आपली प्राथमिक शाळा साथीसाठी देशात सगळ्यात सज्ज असायला हवी होती. अडचण साधी होती. टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर सगळे शाळेत होते, आणि शाळेला कुलूप होते. अनेक शाळांची वीज तर थकलेल्या बिलापायी त्याआधीच तोडलेली होती. मुलांच्या घरी जे होते ते वेगळेच होते. एक फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी कामावर. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण 2018 मधल्या 36.5 टक्क्यांवरून 2020 मध्ये 61.8 टक्क्यांवर गेले. आकडा दिलासा देणारा. पण पुढच्या वर्षीच्या पाहणीत आणखी एक गोष्ट विचारली गेली, ती महत्त्वाची: घरात फोन आहे, पण तो मुलाच्या हाती लागतो का? घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो कधीच मिळत नव्हता. भावंडांत थोरल्याला आधी, हा क्रम घरोघरी ठरलेला. दहावीच्या दादाचा तास संपेपर्यंत दुसरीतली धाकटी झोपून गेलेली असायची.

राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल 2020 मध्येच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज सकाळी गुरुजींच्या व्हॉट्सअॅपवर दीक्षाच्या लिंकांची यादी यायची, ती केंद्रप्रमुखांच्या गटातून शिक्षकांच्या गटात आणि तिथून पालकांच्या गटात जायची. जूनमध्ये शाळा न उघडताच शैक्षणिक वर्ष सुरू झाले. पहिली-दुसरीला ऑनलाइन शिकवायचे नाही असे आधी ठरले. मग 22 जुलैला पहिली-दुसरीसाठी रोज अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रे आणि तिसरी ते आठवीसाठी पाऊण पाऊण तासाची दोन सत्रे असे वेळापत्रक आले. पहिली-दुसरीच्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटे पालकांशी बोलण्यासाठी राखून ठेवली होती. या कलमाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पण सगळ्या परिपत्रकांत शहाणपणाची ओळ कुठली, असे विचारले तर मी याच ओळीवर बोट ठेवीन.

फोनखेरीजचे मार्गही निघाले. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची पहिली ते आठवीसाठीची ‘टिलीमिली’ ही मालिका जुलैत सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पाठ घोकवण्याऐवजी घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन मुलांना काहीतरी करायला लावणारी ती मालिका होती, आणि ती आई-आजीसकट बघितली जायची. नागपूर विभागात ‘प्रथम’ संस्था आणि प्रशासनाने मिळून आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरवली. पालघर जिल्ह्यात दांडवळसारख्या आदिवासी गावांत, जिथे मोबाइलला रेंजच नव्हती, तिथे एका संस्थेने ध्वनिमुद्रित पाठ कर्ण्यावरून ऐकवले. या उपक्रमाचे नाव ‘बोलकी शाळा’. चाळीस वर्षांपूर्वी ज्या आकाशवाणीवरून शालेय कार्यक्रम लागायचे तीच पुन्हा कामाला आली, याची मौज वाटते.

तरीही हे सगळे वरून खाली येणारे होते. बोलणारा एक, ऐकणारी हजार, आणि ऐकणाऱ्याला कळले की नाही हे बोलणाऱ्याला कळायची सोय नाही. तिसरीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी समजली नाही हे आकाशवाणीला कसे कळणार? ते कळायला कुणीतरी त्याच्या पाटीत डोकावायला हवे.

डोकावणारा माणूस त्या दिवसांत कुठे होता, तेही सांगायला हवे. गुरुजी चेकनाक्यावर होते. रेशन दुकानासमोर रांग लावत होते. विलगीकरण कक्ष केलेल्या स्वतःच्याच शाळेत मुंबई-पुण्याहून आलेल्यांच्या नोंदी करत होते. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरणाऱ्या पथकांतही कितीतरी शिक्षक होते. या कामांनी शिकवण्याचे दिवस खाल्ले, यात शंका नाही. पण घरोघर फिरल्यामुळे एक गोष्ट आपसूक झाली. कुणाच्या घरी फोन आहे, कुणाचा बाप परत आलाय, कुठली आई सातवी शिकलेली आहे, कुणाच्या ओसरीवर पाच पोरे ऐसपैस बसतील, याची माहिती गुरुजींकडे आपोआप जमा झाली. पुढचे सगळे काम या माहितीवर उभे राहिले.

दुसरा आधार तांदळाचा. शालेय पोषण आहार शिजवणे बंद झाले, पण कोरडा शिधा वाटायचा होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ या हिशोबाने. वाटपाच्या दिवशी आया शाळेच्या फाटकाशी अंतर राखून उभ्या राहायच्या. गुरुजी एका हाताने शिध्याची सही घ्यायचे, दुसऱ्या हाताने झेरॉक्स केलेल्या स्वाध्यायाच्या पानांचा गठ्ठा द्यायचे आणि मागच्या वेळची पाने परत मागायचे. कुठल्याही अॅपपेक्षा हे जाळे दाट होते, कारण तांदूळ न्यायला प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येतेच. न आलेल्याच्या घरी काहीतरी बिनसले आहे, हेही त्यातून कळायचे. (झेरॉक्सचे पैसे कुठून आले, हे विचारू नये. बहुतेक ठिकाणी ते गुरुजींच्याच पगारातून आले.)

मग वस्तीवरची शाळा सुरू झाली. तिची नावे जिल्ह्यागणिक निराळी: ओट्यावरची शाळा, अंगणातली शाळा, पारावरची शाळा, शाळा आपल्या दारी. पद्धत साधारण एकच. चार-पाच मुलांचा गट, शेजारपाजारच्या घरांतला, वेगवेगळ्या इयत्तांचा. आठवड्यातून एक-दोनदा गुरुजी किंवा बाई येणार, बाकीचे दिवस गटाची जबाबदारी गावातल्या एखाद्या बारावीच्या मुलीवर किंवा कॉलेज बंद म्हणून घरी बसलेल्या पोरावर. त्यांना कुठे शिक्षक मित्र म्हणत, कुठे स्वयंसेवक. गुरुजी आले की आधी वह्या बघणार, मग एकेकाला वाचायला लावणार, नवे काहीतरी सांगणार, पुढच्या वस्तीकडे निघणार. मोटारसायकलच्या डिकीत खडू, गोट्या, अंककार्डे आणि गोष्टींची पुस्तके. पेटीत वर्षानुवर्षे बंद असलेली ती पुस्तके या निमित्ताने घरोघर हिंडली, फाटली, तेलकट झाली. शाळेच्या दप्तरी हे नुकसान नोंदवले जाते. मी त्याला फायदा म्हणेन.

हे इतक्या पटकन कसे जमले? याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ज्या गोष्टीला आपण कायम उणीव म्हणत आलो, तिच्यात आहे. वाड्यावस्त्यांवरच्या बहुसंख्य शाळा द्विशिक्षकी. दोन शिक्षक, चार इयत्ता. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. पहिलीला शिकवताना दुसरीला काहीतरी काम देऊन गुंतवावेच लागते. चौथीची हुशार मुलगी तिसरीच्या तिघांना पाढे म्हणून दाखवते. ही कसरत तिथले शिक्षक वर्षानुवर्षे करत होते. मुलाला काम द्यायचे, त्याला एकट्याने किंवा जोडीने ते करू द्यायचे आणि नंतर येऊन तपासायचे, ही सवय शहरातल्या चाळीस मुलांच्या एका इयत्तेपुढे तासभर बोलणाऱ्या शिक्षकाला नव्हती. त्याला झूमवरसुद्धा तास बोलूनच घ्यावा लागला. द्विशिक्षकी शाळेच्या बाईंना मात्र वस्तीवरचा पाच पोरांचा गट हा आपल्याच वर्गाचा एक कोपरा वाटला असणार.

शहरातही वस्तीच्या शाळा होत्याच. सोलापूरच्या नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयातल्या बहुतेक मुलांचे पालक कापड उद्योगात मजुरी करणारे. घरात स्मार्टफोन असला तरी रिचार्जची ओढाताण. तिथल्या शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे 300 घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पहिली ते दहावीचे धडे रंगवून घेतले. मुळाक्षरे, आकडे, वाक्यरचना, गणिताची सूत्रे. येता-जाता पोर थांबते, वाचते, वहीत उतरवते. वेगवेगळ्या भिंतींपाशी थांबलेल्या पोरांमधले अंतर आपोआप राखले जाते. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. भिंत घरमालकाची असते. तिच्यावर तिसरीचे गणित काढायला त्याने होकार दिला, म्हणजे शाळेच्या कामात त्यानेही वाटा उचलला.

आता थोडे कडू. साथीच्या काळात शिक्षकाचा जेवढा वेळ मुलांनी घेतला नसेल तेवढा ‘लिंक भरा’ने घेतला. किती मुलांकडे फोन आहे, किती जणांनी अभ्यासमाला पाहिली, व्हॉट्सअॅपवरच्या साप्ताहिक स्वाध्यायाला तालुक्याचा टक्का किती. रोज नवी लिंक, आजच्या आज. यातला कळस 2021 च्या जूनमध्ये झाला. उन्हाळी सुट्टीतल्या 35 दिवसांच्या आहाराचे पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात टाकायचे ठरले. पहिली ते पाचवीच्या मुलाला 156 रुपये, सहावी ते आठवीच्या मुलाला 234 रुपये. त्यासाठी प्रत्येक मुलाचे आधारशी जोडलेले खाते हवे. म्हणजे आईने एका दिवसाची मजुरी बुडवायची, तालुक्याला एसटीचे भाडे घालायचे, साथीत बँकेच्या रांगेत उभे राहायचे, ते 156 रुपयांसाठी. या योजनेचा विचार करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी मुलाचे बँक खाते उघडायला नेले असेल, यावर माझा विश्वास नाही.

2021 च्या उन्हाळ्यात दुसरी लाट गावात शिरली आणि ओसऱ्या रिकाम्या झाल्या. पहिल्या लाटेने शहर गाठले होते, दुसरीने वाड्या गाठल्या. कित्येक शिक्षक गेले. त्यानंतरचे काम, म्हणजे 1 जुलैपासूनचा 45 दिवसांचा सेतू अभ्यास, जड पावलांनी झाले. मागच्या इयत्तेतले राहून गेलेले भरून काढायची कल्पना चांगली होती. पुस्तिका पीडीएफच्या रूपात आली, पुन्हा झेरॉक्स.

आणि शाळा उघडण्याचा क्रम. 23 नोव्हेंबर 2020 रोजी नववी ते बारावी, 27 जानेवारी 2021 रोजी पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट, मग ऑक्टोबर 2021 मध्ये ग्रामीण भागात पुन्हा पाचवीपासून वरचे वर्ग. पहिली ते चौथी सगळ्यात शेवटी, 1 डिसेंबर 2021 ला. बोर्डाची परीक्षा असलेल्याला आधी, ही व्यवहाराची समजूत. पण शिकण्याच्या अंगाने हा क्रम उलटा आहे. दहावीची मुलगी पुस्तक उघडून निदान वाचू शकते. पहिलीच्या मुलाला वाचायलाच शिकायचे असते, आणि ते कुणाच्या तरी शेजारी बसल्याशिवाय येत नाही. ज्याला माणसाची सर्वांत जास्त गरज, त्याला माणूस सर्वांत उशिरा मिळाला. लहान मुलांबाबत भीती होती, लस नव्हती, हे खरे. पण मोठ्यांचे बाजार, लग्ने आणि निवडणुका त्याआधीच सुरळीत झाल्या होत्या.

जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल पहिल्यांदा बाकावर बसले ते दुसरीत, डिसेंबर 2021 मध्ये. महिनाभरात तिसऱ्या लाटेने शाळा पुन्हा बंद केल्या. 24 जानेवारी 2022 ला त्या पुन्हा उघडल्या. ज्या वर्गात शिक्षकांनी इयत्ता विसरून मुलांचे अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असे गट पाडले आणि तिथून सुरुवात केली, तिथे काम पुढे सरकले. जिथे पाठ्यपुस्तकाच्या पान एकपासून सुरुवात झाली तिथे पुढच्या बाकावरची चार मुले गेली, बाकीची राहिली. ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 20.5 टक्के निघाली. 2018 मध्ये ती 27.3 टक्के होती. तोही आकडा काही अभिमानाचा नव्हताच.

याच काळात उलट दिशेनेही एक प्रवाह वाहिला. देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या मुलांचे प्रमाण 2018 मधल्या 64.3 टक्क्यांवरून 2021 मध्ये 70.3 टक्क्यांवर गेले. फी परवडेना, ही त्याची मोठी बाजू. शहरातून गावी परतलेली कुटुंबे, ही दुसरी. पण पिवळी बस बंद असताना ओसरीवर येऊन मुलाची वही बघणारा माणूस कुठल्या शाळेचा होता, हेही पालकांनी पाहिले होते.

2022 च्या एप्रिलमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरले, तेव्हा वस्तीवस्तीवर माता पालकांचे गट बांधायचे ठरले. आठवड्याला एका ओळीची कल्पना फोनवर यायची: घरातले चमचे मोजा, भाज्यांची नावे सांगा, रांगोळीच्या ठिपक्यांवरून अंक काढा. ते कसे करायचे हे आयांना समजावून सांगायला फारसा वेळ लागला नाही. दोन वर्षे त्यांनी तेच केले होते.