गाळलेलं पाणी आणि नारूचा शेवट



नव्या सुनेला आपल्याकडे स्वयंपाकाच्याही आधी पाणी गाळायला शिकवतात. कापड जाड हवं, न वापरलेलं हवं, दुहेरी हवं. लांबी 36 अंगुळं, रुंदी 24 अंगुळं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं, उकळलेल्याची 24 तास. गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडायचे, म्हणजे जिवाणी करायची. हे सगळं आपण जीवदयेसाठी करतो, तब्येतीसाठी नाही. पण याच कापडानं आपल्या देशातून एक रोग कायमचा घालवला. तो इतिहास आपल्या मुलीबाळींना ठाऊक नसतो, म्हणून आज लिहिते आहे.

त्या रोगाचं नाव नारू. साठी ओलांडलेल्या बायकांना नाव काढलं तरी अंगावर काटा येईल. आमच्या लहानपणी फुलंब्रीच्या बाजाराला खेड्यांतून माणसं यायची, त्यात एखाद्याच्या पोटरीला चिंधी बांधलेली असायची आणि चिंधीत एक काडी. पायातून बाहेर येणारा पांढरा दोऱ्यासारखा किडा त्या काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि मध्येच तुटला, तर पाय सुजून माणूस आणखी महिनाभर खाटेवर. हा किडा हातभर नाही, कधी कधी जवळजवळ मीटरभर लांब असे.

नारूवर तेव्हाही औषध नव्हतं, आजही नाही. लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही, असंही नाही. मग तो गेला कसा?

1870 च्या सुमारास फेदचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं तुर्कस्तानात शोधून काढलं की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स या अगदी बारीक जीवाच्या पोटात वाढतात. पाण्याचा पेला उजेडात धरला तर हलणारे पांढरे ठिपके दिसतात, तेच ते. असं पाणी न गाळता प्यायलं की पिल्लं माणसाच्या शरीरात शिरतात आणि साधारण वर्षभरानं मोठी झालेली मादी बहुधा पायातून बाहेर पडते. तिथे अशी आग होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो. पाय बुडवला की मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

आता आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या बारवा आठवा. पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय ठेवून घागर भरायची. बांधणी किती सुंदर, पण नारूसाठी याहून सोयीची जागा नाही. आडावर रहाटानं किंवा पोहऱ्यानं पाणी शेंदलं तर कुणाचा पाय पाण्याला लागत नाही. एवढ्याशा फरकावर गावाचं आरोग्य अवलंबून होतं.

भारत सरकारनं 1983-84 मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हा महाराष्ट्रासह 7 राज्यांतल्या 89 जिल्ह्यांत, सुमारे 12,800 गावांत, जवळजवळ 40 हजार रुग्ण होते. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला यातला हिशोब लगेच दिसतो. किडा बाहेर पडायचा तो बहुतेक उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर. घरातला कर्ता माणूस ऐन वेळी महिना-दीड महिना झोपून राहिला तर त्या घराचं वर्ष गेलं. आणि बाई झोपली तर चूल, पाणी, लेकरं सगळंच अडलं. समोर खर्चाच्या बाजूला काय, तर एक हात कापड.

पण कापड वाटून काम झालं नाही. या कार्यक्रमाचं यश एकट्या डॉक्टरचं नव्हतं, कारण डॉक्टरकडे द्यायला औषधच नव्हतं. आरोग्य सेवक घरोघर फिरून रुग्ण शोधत. उपकेंद्राची नर्स पट्टी बांधे आणि रुग्णाला सांगे, जखम भरेपर्यंत विहिरीत उतरू नकोस. पाणीपुरवठा खात्याची माणसं हातपंप बसवत, बारवांचे आड करत. शाळेत मास्तर मुलांना गाळण्याचं महत्त्व शिकवत आणि मुलं घरी जाऊन आईला सांगत. प्रत्येकाचं काम लहान, पण एकानं सोडलं तर साखळी तुटायची नाही. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. जगात 1980 च्या दशकात दर वर्षी लाखो रुग्ण होते, अलीकडच्या काही वर्षांत वीसच्या आत आहेत, बहुतेक आफ्रिकेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सरकारी पथकं पाण्यात टेमेफॉस हे औषधही टाकत, सायक्लॉप्स मारण्यासाठी. आपल्याला हे वाचून वाईट वाटतं, मलाही वाटतं. आणि कुणी विचारेल, जिवाणी करून आपण तेच जीव विहिरीत परत सोडत होतो, त्याचं काय? माझं उत्तर असं. सायक्लॉप्स स्वतः रोगी नसतो, रोग त्याच्यात माणसाच्या पायातून जातो. पिणाऱ्यानं पाणी गाळलं आणि रुग्णानं पाय बाहेर ठेवला, तर जीवही वाचतो आणि माणूसही. औषध टाकावं लागलं ते सगळ्या घरांनी गाळलं नाही म्हणून. लहान यत्न चुकला की पुढे मोठी हिंसा पदरात येते. आपल्या घरी गाळून आपण सुरक्षित राहिलो, पण विहीर गावाची होती. शेजारणीच्या हातात गाळणं देईपर्यंत आपला धर्म पुरा होत नव्हता.

अनेकांनी मिळून गावाचं आरोग्य सांभाळायचं, ही कल्पना आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आधीच रुजली होती. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. शिकलेल्या नर्सेस खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. कित्येकींना लिहिता वाचता येत नव्हतं, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, लेकरांचं वजन, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं त्या बघत. अवघड दुखणं नर्सकडे, त्याहून अवघड डॉक्टरकडे. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे सुरुवातीला तिथे हजारी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत, शतक संपताना तो आकडा तिशीच्या आत आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव आशाताई आल्या, हजार वस्तीमागे एक. त्यांच्या कामाची मुळं अशाच प्रयोगांत आहेत.

आता आपल्या घरी येऊ. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती घ्यायला आशाताई दारात येते. कंबर मोजते, घरात कुणाला साखर आहे का विचारते, रक्तदाब तपासायला उपकेंद्रात बोलावते. आणि आपल्यातल्या किती जणी म्हणतात, "आमच्याकडे कांदा-लसूण नाही, रात्रीचं जेवण नाही, आम्हाला काय होतंय?" सूर्यास्ताआधी जेवणं चांगलंच. पण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते म्हणून ताटात पापड, लोणचं, शेव, खाखरे वाढत जातात. त्यात मीठ किती? दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं दोन पापड आणि लोणच्याच्या फोडींत निम्मं संपत असेल. पारण्याला तुपातला शिरा, आणि प्रवचनाला दोन गल्ल्या जायचं तरी नातवाची स्कूटर.

म्हणून एवढंच करा. तिथीच्या दिवशी मूग, मटकी, हरभऱ्याची डाळ करा आणि पापड एकच ठेवा. मंदिरात पायी जा. आशाताई आली की तिला बसवा, गाळलेलं पाणी द्या आणि ती विचारेल ते खरं सांगा. रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर उपवासात ती आपल्या मनानं बंद करू नका, पचक्खाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि घरी काम करणाऱ्या बाईचाही रक्तदाब कुणी तपासला आहे का, तेही विचारा.

काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम.